झऱ्याच्या वाटेची सारजामाय

नव्या नवरीचं तोंड बघायला गावच्या बाया येतात. सारजामाय आली ती माझे पाय बघायला. मी माजघरात मान खाली घालून बसले होते. एवढ्यात एक उंच, हाडापेरानं मोठी बाई आत शिरली, माझ्यापुढं उकिडवी बसली, आणि लुगड्याचा काठ जरा वर करून माझा पाय तिनं सरळ हातात घेतला. बैल घेताना खूर बघतात तसा तळवा उलटसुलट करून बघितला.

"पाय बरा हाय," तिनं माझ्या सासूबाईंना सांगितलं. "बोटं पसरट हायेत. धरून चालंल. पन ही जोडवी काढा."

सासूबाईंनी हातातलं हळदीकुंकवाचं तबक खाली ठेवलं. "अवं माय, कालचं लगीन हाय! जोडवी काढा काय म्हनता?"

"मंग ऱ्हाऊ द्या. उतारावर सर्रकन् गेली की मला सांगू नगा."

सांगणारी बाई विधवा, आणि सांगते काय, तर नव्या नवरीची जोडवी काढा! जमलेल्या बायांनी एकमेकींकडं बघितलं. ती गेल्यावर सासूबाईंनी माझी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. मला मात्र पदराआड हसू आवरत नव्हतं. आठव्याच दिवशी त्या भारी जोडव्यांनी मला झऱ्याच्या उतारावर आडवं केलं, आणि सासूबाईंनी औंढ्याच्या बाजारातून बारीक जोडवी मागवून दिली.

हे सगळं निजामाच्या राज्यातलं सांगतेय. आमचं गाव औंढ्याच्या पल्याड, डोंगराच्या अंगावर. वर घरं, खाली दरीत झरा. गावात कुठंही खणलं तरी काळा पाषाण लागायचा, म्हणून सगळं पाणी बायांनी डोक्यावरून वर आणायचं. झऱ्यापासून घरापर्यंत चांगला पाव कोस चढ. त्या चढावरची दगडी पायऱ्यांची पायवाट सारजामाय सांभाळायची. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी नेमली नव्हती. आमच्या घरामागं एका खणाच्या घरात ती एकटी राहायची. मूलबाळ नाही, थोडं शेत होतं ते दीर कसायचा आणि वर्षाची ज्वारी आणून टाकायचा. सकाळी भाकरी करून ठेवली की पहार, कुदळ आणि टोपलं घेऊन ती निघालीच वाटेवर.

हा नाद लागला कसा, ते तीच सांगायची. ती नवी असताना तिची तांब्याची घागर याच उतारावर पडून चेपली होती. सासूनं ते उठता बसता ऐकवलं. "मी म्हनलं, ऐकून तरी किती घ्यायचं? घागर कशानं चेपली ते तरी बघू. बघाया गेले तर एक दगड डुलत व्हता. त्यो बसवला. तर खालचा डुलाया लागला." तो खालचा बसवता बसवता तिची तीस वर्षं गेली होती.

दगडांना तिनं नावं ठेवली होती. खरोखरीची नावं. दर चार दिवसांनी हलणारा एक दगड होता, तो तिचा दीर. वळणावर पोट पुढं काढून बसलेला, ना उपयोगाचा ना हलवता येण्याजोगा, तो पाटील. आणि एक लहानसा, टोकदार, दिसायला काहीच नाही पण नेमका अंगठ्याला लागणारा दगड होता. त्याला ती माझ्या सासूबाईंच्या नावानं हाक मारायची. हे तिनं मला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच सांगितलं. त्यानंतर किती दिवस सासूबाईंनी काही काम सांगितलं की मला ठसका लागायचा.

पाय बरा असल्यामुळं असेल, पण तिनं मला हाताखाली घेतलं. सासूबाई नाही म्हणू शकल्या नाहीत, कारण सारजामायला नाही म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती. खुद्द सासूबाईसुद्धा तिच्याच वाटेनं पाणी भरत म्हाताऱ्या झाल्या होत्या.

पहिल्या दिवशी मोठ्या हौसेनं मी एक सपाट दगड उचलून वाटेत ठेवला. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"पान्याला इचारलंस का?"

"कोनत्या पान्याला?"

"अगं कळमनुरीवाले, डोक्यात काय भरलंय तुझ्या? पावसाचं पानी इथून जातं. तू त्याच्या दारात दगड ठिवला. ते आता बाजूनं जाईल, माती खाईल, आन् चार दिसांत तुझा दगड दरीत."

माझं माहेर कळमनुरीचं, म्हणून ती मला कळमनुरीवाली म्हणायची. कळमनुरीच्या लोकांना पाण्यातलं काही कळत नाही असं तिचं ठाम मत होतं. कधी गेली होती का कळमनुरीला, तर नाही.

पाण्याला विचारायचं म्हणजे पाऊस पडत असताना वाटेवर जाऊन बसायचं. लोक पावसात घरात पळतात, सारजामाय पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन बाहेर पळायची. मलाही तिनं एकदा नेलं. वीज कडाडत नाही ना, हे मात्र आधी आभाळाकडं बघून ठरवलं. मग आम्ही दोघी भिजत बसलो आणि पाणी कुठं वळतंय, कुठं साचतंय, कुठं माती ओढून नेतंय ते बघितलं. तिथं तिथं तिनं काडी रोवली. ऊन पडल्यावर त्या त्या ठिकाणी वाटेला आडवी, जराशी तिरकी चर खणली आणि तिच्या खालच्या कडेला दगड बसवले. पुढच्या पावसात पाणी मुकाट्यानं चरीतून बाजूला गेलं. मला इतका आनंद झाला की मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं." पुरुषाला चरीतलं काय कळणार!

दगड बसवायचा म्हणजे जाड अंग जमिनीत, दोन वाटे आत आणि एक वाटा वर. उतार डोंगराच्या अंगाला, दरीच्या अंगाला नाही. बसवला की त्यावर एका पायानं उभं राहून डुलायचं. मी डुलायचे आणि ती मान वाकडी करून दगडाची खुटखुट ऐकायची. "आजून बोलून राहिला त्यो. काढ." काढ की परत बसव. एका दगडाला मी सकाळपासून उन्हं तापेपर्यंत सहा वेळा बसवलं, तेव्हा कुठं त्याची बोलती बंद झाली.

जुना दगड उचलायचा तर हात खाली घालायचा नाही, ही तिची सक्त ताकीद. पहारीनं पलीकडची कड उचलायची आणि दगड आपल्याकडं कलवायचा, म्हणजे फट पल्याड उघडते. "इच्चू आसला तर तिकडं पळंल. आपल्या पायावर कशाला बोलवायचा?" पहारीवर जोर देताना तोंड पहारीच्या वर न्यायचं नाही. दगड सुटला की पहार उडते. एका माणसाचे दोन दात त्यानं गेलेले तिनं बघितले होते. आणि कुदळ उचलायच्या आधी मोठ्यानं ओरडायचं, "मागं कोन?" उत्तर आलं नाही की मगच घाव. मी समोर बसलेली असायचे, वाटेवर चिटपाखरू नसायचं, तरी प्रत्येक घावाआधी हिचं "मागं कोन?" चालूच. गावातली माणसं आपापल्या अंगणात लाकडं फोडतानाही गमतीनं "मागं कोन?" ओरडायची.

तिचा एकच कायदा होता. वाट माणसांची, ढोरांची नाही. ढोरांना झऱ्यावर जायला पलीकडून लांबची उतरण होती. खुरानं कडा मोडते, कडा मोडली की पाणी शिरतं, म्हणून शेळीसुद्धा या वाटेवर यायची नाही. एकदा महसुलाचे गिरदावर साहेब तपासणीला आले. त्यांना झरा बघायचा होता. घोड्यावर बसूनच ते वाटेच्या तोंडाशी आले, तर पुढं सारजामाय पहार आडवी धरून उभी.

"घोडा न्हाई," ती म्हणाली.

"क्या बोलती है ये औरत?" साहेबांनी शिपायाला विचारलं. शिपायाची पाचावर धारण बसली.

सारजामायला उर्दू यायचं नाही, पण तिनं सोडलं नाही. "घोडा इधर ठिवो. तुम पायपाय चलो. घोडा तुटता नहीं, वाट तुटती!"

साहेबांना काय वाटलं कोण जाणे, खाली उतरले. झऱ्यापर्यंत चालत गेले आणि चालत आले. वर आल्यावर धापा टाकत म्हणाले, "रास्ता तो बहोत बढ़िया है." सारजामायनं शिपायाला विचारलं, काय म्हणतात. त्यानं सांगितल्यावर ती म्हणाली, "त्येंना सांग, टाचा घासून चालू नगा म्हनावं." शिपायानं हे काही सांगितलं नाही.

असे दिवस गेले. मला सातवा महिना लागला. तरी पाणी भरणं कुणाला चुकलंय? एका सकाळी भरली घागर घेऊन मी चढत होते आणि काही कळायच्या आत माझा पाय पायरीच्या अलीकडं पडला. मी बसकण मारली. घागर गडगडत गेली. मला फार लागलं नव्हतं, उलट मला हसूच आलं. सारजामायनं मला धरून उठवलं, पोटावर हात ठेवून बघितलं आणि घरी पाठवलं. दुपारी कुणीतरी सांगत आलं की ती अजून त्याच पायरीशी बसलीय. त्या दगडावर डुलतेय, माती चाचपतेय, पुन्हा डुलतेय. त्या दिवसापासून ती गप्प गप्प झाली. वाटेवर दगडांना शिव्या देणंसुद्धा तिनं बंद केलं.

आणि त्याच सुमारास पाटलाच्या विहिरीला पाणी लागलं! मारुतीच्या पाराजवळ पाटलानं ती दोन वर्षं सुरुंग लावून खणवली होती. कुणाला खरं वाटलं नव्हतं, पण पाणी लागलं, भरपूर लागलं. रहाट बसला, नारळ फुटला, आणि पाटील पारावरून म्हणाले, "आता आपल्या लेकीसुनांना झऱ्यावर जायाची तकलीफ न्हाई. झरा आता ढोरांना. आन् लांबच्या उतरनीनं कशाला न्यायची? ती बायांची वाट हाय की चांगली. तिकडूनच न्या."

पुरुषांनी माना डोलवल्या. मी सारजामायकडं बघितलं. ती पदरानं पहारीचं टोक पुसत होती. एका पावसाळ्यात ढोरं त्या वाटेचा चिखल करतील हे तिला कुणी सांगायला नको होतं.

आम्हा बायांच्या काळजात चर्र झालं. खरं सांगते, सगळं काही तिच्यासाठी नव्हतं. झऱ्यावर जाणं म्हणजे आमचा दिवसातला एकुलता एक मोकळा वेळ. पाटलाचीच मधली सून गोदा मला म्हणाली, "बाई, विहीर आमच्या दारापुढं. पानी शेंदताना सासू ओसरीवरून बघनार, दोर किती वेळा सोडला ते मोजनार. मी तर मेले!" पण सारजामायचं नुसतं नाव निघालं की गोदाचेही डोळे भरायचे. तीस वर्षांत त्या वाटेवर कुणाचा पाय मोडला नव्हता. त्या बाईला आता कोणत्या तोंडानं सांगायचं की तुझी वाट म्हशींना दिली?

तोड गोदानंच काढली. दुसऱ्या दिवशी तिनं घरी सांगितलं की विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. मी माझ्या घरी तेच सांगितलं. संध्याकाळपर्यंत गावातल्या एकाही चुलीवर डाळ शिजेना. आमच्याकडं पाण्याची पारख डाळीवरच. पाणी गोड लागो, थंड लागो, डाळ शिजली नाही की ते पाणी ढोरांचं. पाटलाचा नुसता भडका उडाला.

"माज्या विहिरीला नाव ठिवून राहिले का? समद्यांच्या म्होरं शिजवा!"

ठरलं. पाराजवळ दोन चुली मांडल्या. दोन सारखी मडकी, एकाच पोत्यातली डाळ. एका मडक्यात झऱ्याचं पाणी, त्यावर मी. दुसऱ्यात विहिरीचं, त्यावर गोदा. निवाडा कुणी द्यायचा? पाटील हुशार. म्हणाले, "सारजामायनं. तिचा जीव झऱ्यात हाय. तिच्या तोंडून शिजली आलं तर मंग कुनी बोलायचं न्हाई. ढोरं त्या वाटंनं जातील. न्हाई शिजली म्हनाली तर वाट तिची."

आम्हाला वाटलं, देवच पावला. माझ्या ओटीत चिंच होती. सात महिन्यांच्या पोटुशीच्या ओटीत चिंच नसेल तर काय असेल! जळण इकडून तिकडं देताना मी मूठभर चिंच गोदाच्या हातात सरकवली आणि तिनं ती डाळीत सोडली. आंबट पडलं की डाळ दगड होते, हे दहा वर्षांच्या पोरीलाही ठाऊक. पारावर बसलेल्या एकाही पुरुषाला ठाऊक नव्हतं. आयुष्यभर आयतं वरण ओरपलेली माणसं ती!

माझी डाळ मऊ झाली. गोदाच्या मडक्यात नुसतं रटरटत होतं. सारजामाय आली, जमिनीवर बसली. आधी माझ्या मडक्यातली डाळ चाखली. मान हलवली. मग गोदाच्या मडक्यातली पळीभर तोंडात घातली.

कट्! तिच्या दाताखाली दाणा वाजला तो मला ऐकू आला. तिच्या तोंडात दात उरले होते पाच. ती चावत राहिली. तिची जीभ आंबटापाशी पोचली असणार, कारण ती थांबली. तिनं गोदाकडं बघितलं. मग माझ्या ओटीकडं. मग ओटीवर आलेल्या माझ्या पोटाकडं ती कितीतरी वेळ बघत राहिली. मी डोळ्यांनी खुणावत होते, माय, बोला, न्हाई शिजली म्हना.

तिनं तो घास कष्टानं गिळला.

"शिजली," ती म्हणाली. "लोन्यावानी शिजली."

पारावर एकच गलका झाला. पाटलांनी खुशीत येऊन स्वतः पळी भरली आणि मोठा घास घेतला. त्यांचा जबडा मध्येच अडला. डोळ्यांत पाणी आलं. पण निकाल त्यांच्या बाजूचा! आता बोलतात काय? त्यांनी आख्खा घास तसाच गिळला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "व्हय. बराबर हाय." गोदा चुलीत पाणी ओतत पुटपुटत होती, "म्हातारीला चव बी कळंना झाली का!" मला रडू येत होतं आणि रागही.

चार दिवसांत ढोरं त्या वाटेनं जाऊ लागली. पाचव्या दिवशी दुपारी मला राहवलं नाही. मी वाटेच्या तोंडाशी गेले. सारजामाय एका धोंड्यावर बसली होती. हातात ना पहार, ना कुदळ. खाली पहिल्या वळणाची कडा मोडलेली इथूनच दिसत होती.

"घागर कुठंय?" तिनं विचारलं.

"घरी. विहिरीचं भरलं पानी."

"मंग इकडं काहून आली?"

"माय, तुमी खोटं काहून बोललात? डाळ कच्ची व्हती. चिंच बी लागली तुमाला. मला ठावं हाय."

ती लुगड्याला चिकटलेली कुसळं काढत बसली. मग म्हणाली, "तू पडलीस त्या दिशी मी त्यो दगड बघितला. तीनदा बघितला. बराबर व्हता. माती बराबर, चर बराबर, समदं बराबर. तरी तू पडलीस. मला काई उमगंना. मंग दुसऱ्या दिशी तुला उतरताना बघितलं, तवा कळलं. तुला तुझे पायच दिसंनात. पोट आडवं येतं." तिनं आणखी एक कुसळ उपटलं. "पोटुशी बाई खाली बघती तवा तिला पायरी दिसत न्हाई, हे मला ठावंच नव्हतं, पोरी. तीस वर्सं वाट केली. कितीक पोटुश्या गेल्या असतील हिच्यावरून, जीव मुठीत धरून. मला ठावं आसाया कुठून आसनार? माज्यावर येळच आली न्हाई कधी."

मी तिच्या शेजारी बसले. तिचा खरखरीत हात हातात घेतला, तो तिनं काढून घेतला नाही. मला फार फार वाईट वाटत होतं.

"आता विहीर हाय तर विहिरीवरून भरा," ती म्हणाली. "वाट गेली तर गेली."

उन्हं कलायला लागली. सासूबाई शोधत असतील म्हणून मी उठले. आजवर या बाईनं मला नुसते हुकूम सोडले होते. ठेव, काढ, डूल, पल्याड हो. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा खाली बघत विचारलं, "उद्या बी येशील? काम काईच न्हाई. आसंच."

"येते की, माय."

दुसऱ्या दिवशी गोदा माझ्यासंगं आली, आणि तिच्यामागं बाकीच्या. घागर एकीच्याही डोक्यावर नव्हती.